आदळआपट

वजनमापे तपासणी कार्यालयात बाईंना सगळे मिलिग्रॅम म्हणत. अर्थात पाठीमागे, तोंडावर 'मॅडम'. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यांची तक्रारही नव्हती. नावं ठेवणाऱ्यांनी निदान एकक तरी बरोबर निवडलं होतं.

बाईंच्या ताब्यात तराजूची खोली होती. तिथे पंखा नव्हता, कारण पंख्याने काटा हलतो. खिडकी उघडायची नाही, कारण वाऱ्याने काटा हलतो. कुणाला शिंक आलीच तर त्याने बाहेर जाऊन शिंकायचं आणि दार हळू लावून परत यायचं. बाजारातल्या हरेक दुकानदाराचं वजन खरं की खोटं हे ज्या पितळी वजनांवरून ठरत असे, ती प्रमाण वजनं बाई चिमट्याने उचलत आणि चिमट्यानेच ठेवत. ठेवताना टक् झालं की पितळेचा कण गेला. कण गेला की वजन खोटं. प्रमाण वजनच खोटं झालं की सगळा बाजार खोटा. ही साखळी बाईंनी नोकरीला लागल्या लागल्या पाठ केली, आणि त्यानंतर खोलीत काय किंवा खोलीबाहेर काय, कोणतीही वस्तू आवाज करून खाली ठेवली नाही. भांडण झाल्यावर फोनसुद्धा त्या असा ठेवत, की पलीकडच्या माणसाला भांडण संपलंय हे बराच वेळ कळत नसे.

घरी तर याहून कडक कारभार. लग्न होऊन आल्या त्याच दिवशी सासूबाईंनी सांगितलं होतं, "आमच्याकडे आदळआपट चालत नाही." बायका चिडल्या की त्यांची भांडी बोलू लागतात, आणि भांडी बोलू लागली की घराची अब्रू खिडकीतून शेजारी जाते, असा त्या घराचा सिद्धान्त होता. त्यामुळे त्या घरातल्या बायका चिडत नसत असं नाही. त्या गुळगुळीत चिडत.

अशा या बाईंनी पन्नाशी उलटल्यावर दौरा विभागाच्या प्रमुखपदासाठी अर्ज केला.

दौरा विभाग म्हणजे कार्यालयाची उघड्यावरची बाजू. ट्रक जिथे चढतात ते मोठे वजनकाटे, गोदामं, गिरण्या, धक्के. बाईंनी इतकी वर्षं त्या काट्यांचे अहवाल तपासले होते, त्यातल्या चुकांवर लाल खुणा केल्या होत्या, पण त्यातला एकही काटा डोळ्यांनी पाहिला नव्हता. निवृत्त होण्याआधी एकदा त्यांना अशा जागी काम करायचं होतं, जिथे ट्रक घरघरतो, धूळ उडते आणि काटा हलला तर कुणी माणसाला बाहेर काढत नाही. विभागाच्या तेव्हाच्या प्रमुखांना सगळे दौरेकर म्हणत आणि ते वर्षअखेरीला निवृत्त होणार होते. जागा रिकामी होणार होती. बाई सेवेत सर्वांत ज्येष्ठ होत्या.

साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि हळहळले. ते कार्यालयात सगळ्यांच्याच बाजूने असत. फक्त ती बाजू कधी जागची हलत नसे. नियम माझा नाही, असं म्हणून त्यांनी जुनं नियमांचं पुस्तक पुढे केलं. विभागप्रमुखास मोठा प्रमाण ठोकळा स्वबळावर जमिनीवरून पूर्ण उचलता आला पाहिजे, असं तिथे छापलेलं होतं. बाईंनी विचारलं, दौरेकरांनी उचलला होता का. दौरेकरांनी हयातीत फाइलीपेक्षा जड काही उचललं नव्हतं, आणि बहुतेक वेळा फाइलही ड्रायव्हरच उचलत असे. हे साहेबांनाही माहीत होतं.

"पुरुषांच्या बाबतीत ते गृहीत धरतात," साहेब म्हणाले. त्यांच्या स्वरात जराही कुचेष्टा नव्हती. तीच तर पंचाईत होती.

मोठा ठोकळा साहेबांच्या खोलीबाहेरच्या बोळात होता. ऐंशी किलोचा ओतीव लोखंडाचा चौकोनी ऐवज, वर जाड कडी. कोणे एके काळी तो वजनकाटे तपासायला जात असेल. आता त्याच्यावर एक कुंडी होती आणि कुंडीतलं झाड बाईंच्या खांद्याला लागत होतं. बाईंनी कुंडी जराशी सरकवून ठोकळ्याच्या अंगावरचा शिक्का पाहिला. फेरतपासणीचं वर्ष पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी कुंडी होती तिथे ठेवली, आवाज न करता, आणि दुसऱ्या दिवशी जिममध्ये नाव घातलं.

जिम एका जुन्या गोदामात होती. ती चालवणारी कोच एके काळी गोळाफेक खेळायची. खांदे कपाटासारखे, बोलणं मोजकं. तिने बाईंना पहिल्याच दिवशी काकू म्हटलं. बाईंनी कार्यालयात मला मॅडम म्हणतात असं सुचवलं, तेव्हा कोच म्हणाली, की मॅडमना बार उचलताना कंबरेत वाकायला जड जातं, काकूंना जमतं. तो विषय तिथेच मिटला.

पहिले काही महिने झकास गेले. डेडलिफ्ट नावाचा जो प्रकार आहे, म्हणजे दोन्ही टोकांना प्लेटा चढवलेला जमिनीवरचा लोखंडी बार दोन्ही हातांनी उचलून ताठ उभं राहायचं, तो बाईंना चटकन जमला. पाठ सरळ, श्वास धरलेला, नजर समोर. तराजूच्या खोलीत उभं राहण्याची जी शिस्त असते तीच इथे लागत होती. फक्त एका बाबतीत बाई जरा त्रासदायक ठरल्या. वीस किलोची म्हणून लिहिलेली एक प्लेट त्यांनी कापडात गुंडाळून कार्यालयात नेली, तिचं वजन केलं आणि परत आणताना सोबत 'वीस भरत नाही' असा लेखी शेरा आणला. कोचने तो शेरा जिमच्या आरशावर चिकटवला. लोक त्याखाली उभे राहून दंड मोजू लागले.

तीस किलो झाले, चाळीस झाले, पन्नास झाले. साठ झाले त्या दिवशी बाईंनी घरी कुणाला सांगितलं नाही, पण जेवताना दोनदा हसल्या. मग सत्तर आले, आणि सत्तरावर गाडी अडकली.

अडकली म्हणजे अशी, की सत्तर रोज उचलायचे, आणि त्यावर अडीच किलोची पोळीएवढी प्लेट चढवली की बार जमिनीला फेविकॉल लावल्यासारखा बसून राहायचा. कोच म्हणाली, होतं असं, सगळ्यांचं होतं. तिने उपायही सगळे केले. एक आठवडा वजन निम्म्यावर आणलं, शरीराला उसंत मिळावी म्हणून. मग उलट केलं, थोडं थोडं पण पुष्कळदा उचलायला लावलं. अंडी वाढवली. झोप वाढवली. पायांचे वेगळे व्यायाम, पाठीचे वेगळे. हाताला खडू. कंबरेला पट्टा. बार ठोकळ्यांवर ठेवून निम्म्या उंचीवरून उचलण्याचा एक प्रकार असतो, तोही झाला. बाईंनी यातला प्रत्येक उपाय सरकारी परिपत्रकासारखा अक्षरशः पाळला. सत्तर ते सत्तरच.

तिकडे वर्ष सरत चाललं होतं. साहेबांच्या मनात त्या जागेवर त्यांच्या मेहुण्याचा एक वर्गमित्र होता, आणि तो गृहीत धरण्याच्या जातीचा होता.

घरी बाईंचा नवरा कॉलेजात भूगोल शिकवत असे. जगातल्या कुठल्याही अडचणीला त्याच्याकडे एखादं भूरूप असायचं. बाई अडकल्याचं कळल्यावर त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं, की याला पठार म्हणतात. पठार वाईट नसतं. ते आजूबाजूच्या प्रदेशापेक्षा उंचच असतं, हवा चांगली असते, लोक तिथे पिढ्यान् पिढ्या सुखाने राहतात. मुक्काम करावा. बाई म्हणाल्या, मला मुक्काम करायचा नाहीये, मला पलीकडे जायचंय. त्यावर त्याने पठाराच्या पलीकडे बहुधा कडा असतो, एवढीच माहिती पुरवली.

सासूबाईंना आतल्या खोलीतून अर्धवट ऐकू गेलं होतं. त्यांनी विचारलं, सूनबाई कशात अडकली.

"सत्तरीत अडकलेय, आई."

"एवढ्यात?" सासूबाई म्हणाल्या. "मी तर ऐंशीसुद्धा ओलांडली. काही नसतं त्यात. गुडघे तेवढे सांभाळ."

खरं कारण सापडलं ते कोच पाठमोरी असताना. ती स्टुलावर चढून भिंतीवरचा पंखा दुरुस्त करत होती आणि तिच्या मागे चार माणसं बार उचलत होती. ठाण, ठाण, ठाण. मध्येच तिने मान वळवली.

"काकू, तुम्ही तुमचे तीन उचललेत?"

"केव्हाच."

"मग मला ऐकू का नाही आले?"

बाईंना प्रश्नच कळला नाही. कोच स्टुलावरून उतरली आणि पुन्हा उचला म्हणाली. बाईंनी सत्तर उचलले, ताठ उभ्या राहिल्या आणि मग बार खाली ठेवला. गुडघ्यापाशी वेग कमी केला, घोट्यापाशी आणखी कमी केला, आणि जमिनीपासून बोटभर अंतरावर क्षणभर थांबून, झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवतात तसा टेकवला. रबरी फरशीलासुद्धा कळलं नसेल.

 कोचने बाईंना समोर बसवून सांगितलं. उचलण्यात जेवढी ताकद जाते, त्याहून जास्त कंबर तुम्ही ठेवण्यात मोडता. एकेका उचलीनंतर पुढच्या उचलीला अंगात काही उरत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, तुम्ही उचलायला लागता तेव्हाच तुमच्या अंगाला ठाऊक असतं, की हे परत अलगद ठेवायचंय. म्हणून जेवढं अलगद ठेवता येईल तेवढंच ते उचलू देतं. तुम्ही सत्तर उचलण्यात नाही अडकलात. सत्तर ठेवण्यात अडकलात.

बाईंनी आपली बाजू मांडली. टक्, कण, झीज, प्रमाण वजन, बाजार. कोचने सगळं ऐकून घेतलं.

"या प्लेटवर तुमच्या ऑफिसचा शिक्का आहे?"

"छे. आणि कुणी मारला असता तर मी रद्द केला असता. ही वीस नाहीच."

"मग हे वजन नाही, काकू. नुसतं लोखंड आहे. टाका."

बाईंनी बार उचलला आणि टाकायचं ठरवलं. बोटं उघडेनात. त्या बारसोबत वाकत वाकत खाली गेल्या, जणू पाहुण्याला फाटकापर्यंत पोचवायला निघाल्या आहेत. कोच म्हणाली, परत. परत तेच. कोच म्हणाली, कुणावर तरी चिडून बघा. बाईंनी विचार केला. चिडण्याजोगी माणसं भरपूर निघाली, रांग लागली, पण हात काही सुटेनात. राग होता. रागाला आवाज नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी बाई स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या. नवरा खुर्चीत पेपर घेऊन बसला होता आणि पेपराआडून बोलत होता. सकाळी फिरताना त्याला साहेब भेटले होते. विषय निघाला. साहेब फार सज्जन माणूस. त्यांची अगदी कुचंबणा होतेय, कारण एकीकडे नियम आणि दुसरीकडे बाई. तेव्हा मीच त्यांना मोकळं केलं, नवरा म्हणाला. सांगितलं, ती काही त्या जागेसाठी हटून बसलेली नाही, हौस म्हणून चाललंय तिचं.

बाईंच्या हातात पोलादी पातेल्याचं झाकण होतं. त्यांनी ते पुसलं. दोन्ही बाजूंनी पुसलं. मग हात लांब केला आणि बोटं उघडली.

मोठं सपाट झाकण फरशीवर पडलं की नुसतं वाजून गप्प बसत नाही. ते कडेवर उभं राहतं, गरगरतं, आवाज चढवत नेतं, आणि आता संपलं म्हणेपर्यंत आणखी जोरात थरथरतं. या झाकणाने आपलं म्हणणं पूर्ण मांडलं. पेपर खाली आला. नवऱ्याचा चेहरा भूकंपाच्या केंद्राजवळच्या माणसासारखा झाला होता.

आतून काठीचा आवाज आला आणि सासूबाई दारात उभ्या राहिल्या.

"काय पडलं?"

"पडलं नाही, आई. मी टाकलं."

"आई, ही बघ आता," नवरा म्हणाला.

"तू पेपर वाच," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी झाकणाकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं, मग पुन्हा झाकणाकडे. या घरात 'चालत नाही' म्हणायचा अधिकार त्यांचा होता, आणि बाईंनी खांदे आवळून त्या वाक्याची वाट पाहिली.

"पत्र्याचं आहे," सासूबाई अखेर म्हणाल्या. "याला काय आवाज असणार. वरच्या फळीवर पितळी पातेलं आहे बघ, ते काढ."

बाईंनी काढलं. चांगलं जड होतं.

"तुझे सासरे असेच पेपरामागे बसून बोलायचे," सासूबाईंनी पातेल्याच्या काठावरून बोट फिरवत सांगितलं. "रोज वाटायचं, हे इथून सोडून द्यावं. एकदाच."

"मग?"

"मग काय. आमच्याकडे चालत नव्हतं." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "मला आता उचलवणार नाही. तू ओट्याच्या कडेला ठेव. ढकलायचं मी बघते."

पितळेचा आवाज पोलादासारखा चिडका नसतो. तो घुमतो, भिंतींपर्यंत जाऊन परत येतो आणि पोटात बसतो. सासूबाई डोळे मिटून तो संपेपर्यंत ऐकत राहिल्या. पातेल्याला पोचा पडला. पितळेचे किती कण गेले असतील याचा हिशेब बाईंच्या डोक्यात आपोआप सुरू झाला आणि मध्येच बंद पडला, जसा आजवर कधीच पडला नव्हता.

दाराची घंटा वाजली. शेजारीण विचारत होती, काही झालं का.

"काही नाही गं," सासूबाई आतूनच म्हणाल्या. "आदळआपट चाललीय."

सोमवारी बाई जिममध्ये गेल्या, सत्तर उचलले, ताठ उभ्या राहिल्या आणि हात सोडले. गोदामातले सगळे वळून पाहू लागले. आरशावरचा शेरा सुटून खाली पडला. कोचने तो उचलून परत चिकटवला आणि एवढंच म्हणाली, "आता ऐकू आलं."

पुढे सगळं एका उडीत झालं असं नाही. लोखंडाला गोष्टी कळत नाहीत. पण अडीच किलोची ती पोळीएवढी प्लेट बारवर चढली आणि उतरली नाही. तिच्यावर दुसरी चढली. ठेवण्यात मोडणारी कंबर आता उचलण्यासाठी शिल्लक राहू लागली, एका उचलीनंतर दुसरी होऊ लागली, दुसरीनंतर तिसरी. एकदा हातच सटकला, एकदा पोटरीत गोळा आला, एका संध्याकाळी पंचाहत्तर जागचे हललेच नाहीत आणि बाई बारला पुरुषांच्या तोंडी शोभतील अशा दोन गोष्टी बोलल्या. घरी नवऱ्याने पठाराचा विषय काढला, तेव्हा बाईंनी चहाचा कप बशीत ठेवला. नुसता ठेवला, पण त्याने विषय आवरता घेतला. ज्या दिवशी ऐंशी झाले, त्या दिवशी कोचने आपल्या हाताने बाईंच्या तळव्यावर खडू फासला होता. उचल झाल्यावर ती म्हणाली, की कडीचं वजन बारपेक्षा अवघड जातं, दोन्ही हात एकाच जागी येतात, तेव्हा अजून थोडं पुढे जाऊ. बाई तेवढ्या पुढेही गेल्या.

मग बाईंनी साहेबांना लेखी कळवलं, की नियमाप्रमाणे चाचणी घ्यावी.

साहेबांना वाटलं होतं की हौस फिटली असेल. त्यांनी बाईंना खोलीत बोलावून प्रेमाने समजावलं. तुमची तब्येत, तुमचं वय, उद्या पाठीत उसण भरली तर मी तुमच्या घरी काय तोंड दाखवू. शिवाय मागे तुमचे यजमानही म्हणत होते, हौस म्हणून चाललंय.

"त्यांनी अर्ज केलेला नाही," बाई म्हणाल्या. "मी केलाय."

बोळात कार्यालय जमलं. दौरेकर आले, कारण निरोप समारंभाला अजून अवकाश होता आणि मध्ये काहीच काम नव्हतं. मेहुण्याचा वर्गमित्रही काही कामानिमित्त आला होता, म्हणजे जागा बघायला. शिपायाने कुंडी उतरवली. झाडाखाली इतकी वर्षं सावली खाल्लेला ठोकळा उघडा पडला, वर ओल्या मातीचा जाड थर, कडीत पाचोळा. शिपाई फडकं घेऊन पुढे झाला. मिलिग्रॅम समोर उभ्या असताना वजनावर धूळ ठेवणं म्हणजे काय, हे त्याला पुरतं माहीत होतं.

"माती राहू दे," बाई म्हणाल्या. "जास्त भरली तर माझ्याकडून."

शिपायाने फडकं खाली केलं आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. दौरेकर वर्गमित्राच्या कानात काहीतरी पुटपुटले आणि दोघे हसले.

बाईंनी साडीऐवजी त्या दिवशी पँट घातली होती, त्याची चर्चा सकाळीच होऊन गेली होती. त्यांनी ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना पाय रोवले. पिशवीतून खडूची वडी काढून तळवे पांढरे केले. वाकल्या, दोन्ही हातांनी कडी धरली, श्वास भरला आणि ओढलं.

काही झालं नाही.

ठोकळा जमिनीला चिकटला होता. कुंडीचं पाणी झिरपून झिरपून त्याच्या बुडाला गंजाचं मूळ फुटलं होतं, आणि त्याने फरशी धरून ठेवली होती. दौरेकरांचं हसू रुंदावलं. साहेब दुःखी चेहऱ्याने पुढे होऊन म्हणाले, की मॅडम, प्रयत्न केलात हेच पुष्कळ.

बाईंनी कडी सोडली नाही. त्या वाकलेल्याच राहिल्या. मानेवर घाम आला होता आणि चेहरा लाल झाला होता. जागच्या जागी अडकणं म्हणजे काय हे बाईंइतकं त्या बोळात कुणालाच ठाऊक नव्हतं. हललं नाही म्हणजे हलणार नाही असं नसतं. बऱ्याचदा ते फक्त आजवर कुणी हलवलेलं नसतं. त्यांनी पुन्हा श्वास घेतला, टाचा जमिनीत घातल्या आणि या वेळी पायांनी जमीन खाली ढकलली, कोचने शेकडो वेळा सांगितलं होतं तशी.

फरशीवरून काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला आणि ठोकळा सुटला. घोट्याच्या वर आला. गुडघ्याच्या वर आला. बाई ताठ झाल्या, खांदे मागे गेले, आणि ऐंशी किलो अधिक माती अधिक गंज त्यांच्या दोन हातांत लोंबकळत राहिले. खाली फरशीवर गंजाचा तांबडा चौकोन उमटला होता.

 शिपाई तो चौकोन बघायला वाकला.

"ठीक," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज जरा पातळ झाला होता. "ठीक आहे, ठीक. आता सावकाश ठेवा. आपटू नका, मॅडम. प्रमाण ठोकळा आहे तो."

 बाईंना तो अलगद ठेवता आला असता. त्या कामात त्यांचा हात धरणारं आजही तिथे कुणी नव्हतं. तेवढी कंबर अंगात शिल्लकही होती.

"याचा शिक्का बघा, साहेब," त्या तशाच उभ्या राहून म्हणाल्या. "फेरतपासणीची मुदत केव्हाच गेलीय. तपासायला न्यायचा तर आधी उचलावा लागतो, आणि तो कुणी उचललाच नाही. दौरेकरांनी नाही, त्यांच्या आधीच्यांनी नाही. सगळ्यांनी गृहीत धरलं. हा प्रमाण बिमाण काही नाही. नुसतं लोखंड आहे."

"तसं असेल तर मग," साहेब घाईने म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत किंचित उजेड आला, "मग ही चाचणीच ग्राह्य धरता येईल का, हा प्रश्न उपस्थित होतो."

"होतो. त्यावर दौरा विभागाच्या प्रमुखाचा अहवाल लागतो. मी करते."

आणि त्यांनी बोटं उघडली.

त्या आवाजाला शब्द नाही. साहेबांच्या टेबलावरची काच तडकली हे नंतर कळलं. फरशीचा तुकडा उडून दौरेकरांच्या बुटावर बसला आणि ते एक पाय वर घेऊन उभे राहिले. वर्गमित्र जिन्यापर्यंत पोचला होता. कुंडीतल्या झाडाची पानं खाली पडत राहिली, एक एक करून, आणि कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पलीकडे तराजूच्या खोलीत, जिथे शिंकायलाही बंदी होती, सगळे काटे एकदम हलले आणि वेड्यासारखे इकडून तिकडे झुलू लागले.

बाईंची आजवरची सगळी नोकरी काटा स्थिर होण्याची वाट बघण्यात गेली होती. या वेळी त्या थांबल्या नाहीत. त्यांनी हातावरचा खडू पँटला पुसला आणि दौरेकरांना विचारलं, गाडीची किल्ली कुठे असते.